पार्ल्याची शाळा आणि आपण



मंडळाच्या वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे अशी आपणा सर्वांची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेरच्या गावची शाळा सातवीला संपे. पुढची शाळा लांब, वाटेत नाला, आणि मी मुलीची जात. तेव्हा दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. म्हणून आज विषयही शाळेचाच घेतला आहे.

आपल्या घरी चहाबरोबर जे पार्ल्याचे बिस्किट असते, त्याचे नाव विलेपार्ले या मुंबईच्या उपनगरावरून पडले. माझी थोरली नणंद तेथे असते. त्या कंपनीचा कारखाना तेथे 1929 साली निघाला. पण त्याच्या 8 वर्षे आधी, 1921 साली, पार्लेकरांनी आपली शाळा काढली होती. बिस्किटाआधी शाळा, हे मला फार आवडले.

त्या काळी पार्ले मुंबईत नव्हते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ते 1950 साली आले. आगगाडीच्या आधाराने वाढणारी ती एक वस्ती. दिनांक 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळक वारले. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांच्या नावे शाळा सुरू केली, तीच पार्ले टिळक विद्यालय. ती सरकारने काढून दिलेली नव्हे. वस्तीतल्या लोकांनीच संस्था स्थापिली आणि चालविली. टिळकांनी स्वतः 1880 साली चिपळूणकर, आगरकर आदी मंडळींबरोबर पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. तेव्हा शाळा हेच त्यांचे योग्य स्मारक होते.

पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. त्यांचा जन्म 1919 चा, म्हणजे विद्यार्थी शाळेहून वयाने मोठा! पुढे संस्थेने 1959 साली पार्ले कॉलेज काढले, त्यालाच आज साठ्ये महाविद्यालय म्हणतात. 2021 साली शाळेला 100 वर्षे झाली.

भगिनींनो, एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात ठेवावी. पुण्याला 1884 साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा तेथील अभ्यासक्रमावर टिळकांच्या वृत्तपत्रांनी कडक टीका केली होती. आज त्यांच्याच नावाच्या शाळेत मुली मुलांच्या बरोबरीने शिकतात. थोरांचा मान राखावा, आणि काळाबरोबर वाटही रुंद करावी, ती अशी.

आता आपल्या कारध्याकडे वळू. पार्ल्याला आगगाडी, तर आपल्याला वैनगंगा. पुढच्या शिक्षणासाठी आपल्या मुली नदी ओलांडून भंडाऱ्यास जातात. नदी चढली की जुना लहान पूल बंद होतो. उरतो महामार्गाचा मोठा पूल, आणि त्यावर ट्रकांची रांग. मग घरातले म्हणतात, "राहू दे दोन दिवस." दोनाचे आठ होतात. 2020 च्या ऑगस्टअखेरचा महापूर तर आपण विसरणार नाही. मुलगी मागे पडते, पुढे परीक्षेत गळते, आणि मग तिला स्थळे पाहू लागतात. माझ्या वेळचा नाला लहान होता, एवढाच काय तो फरक.

नवी शाळा काढणे आपल्या आवाक्यात नाही. पण पार्लेकरांकडून एवढे घ्यावे की, गरज आपली असेल तर आरंभही आपणच करावा. माझी सूचना साधी आहे. लहान पूल बंद आणि शाळा चालू, अशा दिवशी मंडळाने मुलींसाठी ऑटो ठरवावा. भाडे हळदीकुंकवाच्या वाणातून वाचवावे. एखादे वर्षी प्लास्टिकचा डबा मिळाला नाही तर आपले काही अडणार नाही. आणि आपल्यापैकी एकीने पाळीपाळीने सोबत जावे, म्हणजे आईबापांचा जीव थाऱ्यावर राहील. पहिली पाळी माझी लिहून घ्यावी.

पटल्यास आजच ठराव करावा, कारण पावसाळा आपल्या ठरावासाठी थांबत नाही.