कावळा, कोंबडी आणि वाघ
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुलवृत्तांत आहे. मूळ गाव कुठलं, शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे कोण आलं, ते त्यात सापडतं. नावातलं अक्षर बदललं तरी वाट कळते. शिंद्यांचे सिंधिया झाले ते उत्तरेत आल्यावरच. फ्लूच्या विषाणूचा जीनोम वाचणं म्हणजे असाच कुलवृत्तांत वाचणं. सुमारे साडेतेरा हजार अक्षरं, तीही आठ सुट्या तुकड्यांत. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू सारखा चुकतो, आणि त्या चुकांवरूनच त्याचा प्रवास उलगडतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मेल्या. भारतात कोंबड्यांमध्ये आलेला हा पहिला बर्ड फ्लू. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेनं महाराष्ट्रातल्या त्या विषाणूंची जनुकं वाचली, तर ती इटली आणि इराणमधल्या हंसांत सापडलेल्या विषाणूंशी जुळली! कुठलं खुराडं आणि कुठले हंस!

तुकडे सुटे, ही खरी गोम. एकाच डुकराला दोन फ्लू एकदम झाले तर तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ चा स्वाइन फ्लू असाच जुळून आला. त्यात पक्षी, माणूस आणि डुक्कर, तिघांचा वारसा होता. त्या वर्षी गणपतीला पुण्याला जावं की नाही, यावर आमच्या घरी आठवडाभर वाद चालला. तेव्हा नमुने आपल्या ग्वाल्हेरच्या डीआरडीईतही तपासले जात. पण साधी चाचणी ‘आहे की नाही’ एवढंच सांगते. कोणाचा कोण, ते जीनोम सांगतो.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. कारण एच५एन१, निदान पुन्हा भोपाळचंच. त्यानंतर छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तोच निघाला. अशा वेळी शास्त्रज्ञ काही ठरावीक अक्षरं आधी बघतात. पीबी२ या जनुकातलं एक बदललं, की पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यांत जोमानं वाढू लागतो. ते वेळेवर दिसायला नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि पहिली खबर देणारे आपणच असतो.

अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष. आपण गच्चीवर कावळ्याची वाट बघू. २०२० च्या अखेरीस इंदूरमध्ये कावळेच मरून पडले होते. तो एच५एन८ निघाला. दोन-चार कावळे एकदम मेलेले दिसले तर हात लावू नका, कामवाल्या बाईंनाही उचलायला सांगू नका. जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कळवा. आणि मांजराला कच्ची कोंबडी घालू नका. नीट शिजवलेली चालते, तिलाही आणि खाणाऱ्या मंडळींनाही.