इंग्रजीचा पेपर आणि आपण आया

 

म्हशाची जत्रा आटोपली, घोंगड्या घेऊन झाल्या. आता ज्या घरात दहावीचं पोर आहे तिथे एकच विषय. बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, की कुणीतरी हळूच म्हणते, "बाकीचं जमतंय हो पोरीला, पण इंग्रजीचं काय खरं नाही." आणि लगेच पुढचं वाक्य, "आम्हालाच येत नाही, आम्ही तिला काय सांगणार?" आज आम्ही या दुसऱ्या वाक्याविषयीच बोलणार आहोत.

आपल्यातल्या बऱ्याच जणींनी एबीसीडी पाहिली ती पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी आपल्या राज्यात सुरू झालं २००० साली. म्हणजे आपली पोरं दहा वर्षं हा विषय शिकतात. तरी चार ओळी वाच म्हटलं की मान खाली. याचं कारण डोकं नसणं हे नाही. घरात मराठी, कुणाकडे ठाकरी, कुणाकडे कातकरी बोली. इंग्रजी फळ्यावरून वहीत उतरतं आणि वहीतून पेपरात जातं. मध्ये तोंडात ते येतच नाही. जे तोंडात नाही ते परीक्षेत आठवायचं कसं?

आता पेपर समजून घेऊ. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तिसरी भाषा. एकूण १०० गुण, त्यातले २० शाळेतच होतात आणि ८० गुणांचा लेखी पेपर तीन तासांचा. या ८० मधले ४५ गुण उताऱ्यांवर आणि कवितांवर असतात. दोन उतारे पुस्तकातले, एक पुस्तकाबाहेरचा, शिवाय कविता. उतारा आणि कविता पेपरातच छापून येतात बायांनो! बरीच उत्तरं तिथेच समोर असतात, ती शोधून लिहायची. ज्या मुलीला नीट वाचता येतं आणि वाचलेलं मराठीत सांगता येतं, तिला नापास व्हायचं कारण नाही. उलट जी गाईडमधली उत्तरं घोकत बसते, तिला पुस्तकाबाहेरचा उतारा आला की घाम फुटतो. आमचं तर मत असं, की तीन-तीन गाईडं आणि अपेक्षित यांवर पैसे घालवण्यापेक्षा शाळेतून जुन्या प्रश्नपत्रिका मागा आणि गटातल्या चार मुलींत मिळून झेरॉक्स काढा.

आता आईचं काम काय? रोज संध्याकाळी, भाकऱ्या थापताना चालेल, मुलीला समोर बसवा आणि एक उतारा मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला कळलं नाही तरी ती कुठे अडखळते ते कानाला कळतंच. अडखळलेल्या शब्दाखाली रेघ मारायला लावा, दुसऱ्या दिवशी तो शब्द सरांना विचारायचा. मग पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, "काय गं लिहिलंय त्यात? मला सांग." ती मराठीत सांगेल. तुम्हाला गोष्ट कळली तर तिलाही कळलीय. तुमच्या डोक्यात गोंधळ झाला तर तिच्याही डोक्यात गोंधळ आहे, पुन्हा वाचायला लावा. यासाठी आईला इंग्रजी येण्याची काहीच गरज नाही. खरं तर येत नाही म्हणूनच मुलीला नीट फोड करून सांगावं लागतं.

डोळखांबकडच्या एका गटात बायकांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मग आम्ही शेवटचा प्रश्न दाखवला, भाषांतराचा, ५ गुणांचा. काही शब्द, काही वाक्यं आणि एक म्हण किंवा वाक्प्रचार मराठीत करायचा असतो. आम्ही म्हटलं, इंग्रजीत म्हणतात की रिकामं भांडं जास्त वाजतं, आपण काय म्हणतो? एक आजी पटकन म्हणाल्या, "उथळ पाण्याला खळखळाट फार." वाईट कारागीर हत्याराला नावं ठेवतो, याला? सगळ्या एकदम, "नाचता येईना अंगण वाकडं!" दहावीच्या मुली बघतच राहिल्या, कारण त्यांनाच या म्हणी येत नव्हत्या. आजकालच्या पोरींना म्हणी कोण सांगतं?

पत्रलेखनाचंही तसंच. पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट हा साचा पाठ झाला की मधला मजकूर लहान लहान वाक्यांत लिहिता येतो. मोठं वाक्य लिहायचा सोस नको.

पण मैत्रिणींनो, वाचायला वेळ कुठून येणार? आपल्या शहापूरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि फेब्रुवारी संपता संपता आपल्याच पोरी हंडे घेऊन विहिरीवर. त्याच वेळी मोह पडायला लागतो, शिमगा येतो. दोन महिने मुलीचा हंडा घरातल्या दुसऱ्या कुणी उचलावा. भावाने उचलला तर त्याचा हात मोडणार नाही. जी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली, त्यांची दहावीची मुलगी आजीजवळ किंवा वसतिगृहात राहील असं बघा. गावात मागे राहिलेल्या मुलीच्या रात्रीच्या जेवणाची सोय गटाने वाटून घेता येते. आमच्याकडे एका गटाने ती घेतली आहे.

हे इतकं सांगतोय, कारण एका विषयाने गाडी अडली की काय होतं ते आपण पाहतो. मुलगा भिवंडीच्या गोदामात माल उचलायला जातो. मुलीसाठी तर निकालाच्याच आठवड्यात पाहुणे येतात, "नापासच झाली ना, मग कशाला थांबायचं?" तेव्हा हे ठाऊक असू द्या. राहिलेल्या विषयाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात होते, तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत शाळेत भरायचा असतो. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. फॉर्मच्या पैशासाठी गटातून अंतर्गत कर्ज घ्या, मुलीच्या फीपेक्षा चांगलं कारण आम्हाला तरी दिसत नाही. आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे पाहुण्यांनाही तोंडावर सांगा.

प्रवेशपत्र हातात आलं की नाव, जन्मतारीख आणि विषय तपासा. चूक असेल तर त्याच दिवशी शाळेत जा. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर आधी एकदा एसटीने जाऊन या, कुठली गाडी किती वाजता पोचते ते बघा. टोकावडे, धसईकडच्या बायांना हे जास्त सांगायला नको, एक गाडी चुकली की काय होतं ते त्यांना माहीत आहे. एकाच केंद्रावर जाणाऱ्या चार-पाच मुली असतील तर मिळून जीप ठरवा, आणि जीपवाल्याला आदल्या रात्री पुन्हा एकदा फोन करा.