चाकांवरचं घर अक्काच्या दारी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या मासिक सभेत केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



अमेरिकेवर बोला, असा निरोप आला. आता नायगारा आणि स्वातंत्र्यदेवता या हॉलमध्ये पाच-सहा वेळा तरी दाखवून झालेत, फोटोंसकट. म्हणून मी फक्त एका प्रवासाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही जास्त करून तो संपला कसा याबद्दल.

मुलगा शिकागोजवळ राहतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, सिएटलजवळ इसाक्वा नावाच्या गावात तिच्या मुलीकडे असते. वय ८४. मधलं अंतर विमानाने चार तासांचं. तरी आम्ही मोटारहोम भाड्याने घेऊन रस्त्याने गेलो. सहा माणसं, अकरा दिवस, २,२०० मैल, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलोमीटर. आपला श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग याच्याच जवळपास जाणारा आहे. कल्पना सूनबाईंची. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही येता तेव्हा आम्ही दोघं लॅपटॉपवर आणि मुलं आपापल्या क्लासला. आपण भेटतो फक्त जेवताना. गाडीत तरी कुणाला वेगळ्या खोलीत जाता येणार नाही." शिवाय आमच्या वयाला साध्या मोटारीचा लांबचा प्रवास झेपत नाही. आमच्या सौ.ना रोज पाण्याची गोळी असते, पुढचं तुम्ही समजून घ्या. या गाडीत संडास असतो.

मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेला वन रूम किचन. आमचं २८ फुटी होतं, आपल्या गेटमधून आत वळलंच नसतं. गॅसची शेगडी, फ्रीज, दिवसा जेवणाचं टेबल आणि रात्री त्याचाच पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर नातवंडांचा माळा. गाडी चालू असताना मात्र सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं. चहा हवा तर गाडी थांबवायची. पहिल्या दिवशी वळणावर फडताळ उघडलं आणि आमच्या हिचा गोडा मसाला शिकागो ते सिएटल वास देत राहिला.

खाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरी-बेसिनच्या पाण्याची, तिला करडी म्हणतात, आणि एक संडासाची, ती काळी. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस, मला ही व्यवस्था फार पटली. एकीकडे नावे पडलं की दुसरीकडे जमा. दुहेरी नोंद. इथे आपण फ्लश ओढतो आणि विषय संपतो, तिथे तो दोन दिवसांनी कॅम्पग्राउंडवर आपल्यासमोरच येऊन उभा राहतो. हातमोजे घालायचे, जाड पाइप जोडायचा, आधी काळी टाकी सोडायची आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने तोच पाइप धुऊन निघतो. नात म्हणाली, "आजोबा, धिस इज डिसगस्टिंग." मी म्हटलं, बाळ, आपल्या ड्रेनेजच्या चोकअपवर सर्वसाधारण सभेत दीड तास चर्चा झालेली मी ऐकली आहे, त्या मानाने हे काहीच नाही.

रस्ता म्हणजे आय-९०. बॉस्टनहून निघून सिएटलला संपणारा, त्यांच्या आंतरराज्य महामार्गांतला सर्वांत लांब. वाटेतलं साउथ डकोटा, बॅडलँड्सचे मातीचे सुळके, माउंट रशमोरवरचे चार राष्ट्राध्यक्ष, हे सगळं पाहिलं. त्याची वर्णनं कुठेही मिळतील. मला लक्षात राहिली ती मोंटानातली एक खिंड, होमस्टेक पास, ६,३२९ फुटांवर. तिच्या पूर्वेला पडलेला पाऊस मिसुरी आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला जातो, पश्चिमेला पडलेला कोलंबिया नदीतून पॅसिफिकला. आपल्याकडे महाबळेश्वरला हेच आहे. कृष्णा उगम पावते तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती निघते बंगालच्या उपसागराकडे. हे मी गाडीत सांगत होतो तेव्हा दोन्ही नातवंडं ऐकत होती. पट्टे लावलेले होते, जाणार कुठे!

घड्याळ या प्रवासात दोनदा एकेक तास मागे करावं लागतं, एकदा साउथ डकोटात आणि दुसऱ्यांदा मोंटाना ओलांडून आयडाहोत शिरताना. हिची रात्री नऊची गोळी कुठल्या नऊ वाजता घ्यायची, यावर रोज बैठक होत असे.

शेवटचा दिवस तीनशे मैलांचा होता. कोर डॅलेनच्या तळ्याकाठून सकाळी सातला निघालो. वॉशिंग्टन राज्य म्हणजे हिरवंगार, असं मी ऐकून होतो, पण त्याचा पूर्व भाग कोरडा ठणठणीत निघाला. गव्हाची शेतं आणि मधूनमधून काळा कातळ, अगदी आपल्या दख्खनसारखा बसाल्ट. व्हँटेजला कोलंबिया नदीवरचा लांब पूल ओलांडला, पुढे चढ लागला आणि वाऱ्याने गाडी धरली. डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. उंच, सपाट बाजूंची गाडी, ती शिडासारखी ढकलली जाते. मुलाने वेग ताशी ५० मैलांवर आणला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. तासभर गाडीत कुणी बोललं नाही. एलेन्सबर्ग मागे पडल्यावर वारा सरला, मग देवदारांसारखी उंच झाडं सुरू झाली, स्नोक्वाल्मी खिंड आली आणि तिथून उतार थेट अक्काच्या गावापर्यंत.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. गेली चार-पाच वर्षं तिला ऐकू येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मी बोलायचो, ती हसायची, "बरं बरं" म्हणायची आणि शेवटी "जेवलास का?" विचारायची. कानाचं यंत्र आहे, पण ते टेबलाच्या खणात. ती म्हणते, त्यातून भांड्यांचा आवाजच जास्त येतो. त्यात चूक काही नाही. यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, आणि तिथली घरं म्हणजे स्वयंपाकघर, टीव्ही, बैठक सगळं एकाच उंच दालनात. चार माणसं एकदम बोलायला लागली की तिला नुसता कालवा ऐकू येतो. आम्ही पोचलो तेव्हा तेच झालं. दुपारी चारला तिच्या दारात गाडी लावली, सगळे एकदम बोलले, अक्का हसली आणि म्हणाली, "बरं बरं."

गाडी तिथे जास्त ठेवता येणार नव्हती. त्या वस्तीतही आपल्यासारखीच असोसिएशन, मासिक वर्गणी, नियमावली आणि दंड. मोटारहोम दारात उभं करायला मनाई. भाचीने आधी मेल पाठवून २४ तासांची परवानगी घेतली होती. पाहुण्यांच्या गाड्यांवरून आपल्या नोटीस बोर्डावर जी पत्रं लागतात ती आठवली आणि मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

संध्याकाळी अक्का म्हणाली, "तुझी गाडी आतून दाखव." दोन पायऱ्या, हात धरून चढवली. टेबलाशी बसली. हिने चहा टाकला. दार लावलेलं, पडदे ओढलेले, गाद्या-पांघरुणांची ती एवढीशी खोली, समोरासमोर दोन फुटांवर आम्ही. तिने पदरातून यंत्र काढलं, कानाला लावलं. मी नेहमीच्या आवाजात काहीतरी बोललो आणि तिने त्याला उत्तर दिलं. "बरं बरं" नाही, उत्तर.

मग गावची चौकशी सुरू झाली. परसातला फणस रस्तारुंदीत गेला, हे ऐकून म्हणाली, "फोनवर का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं होतं, तीनदा." मग तिने शाळेतल्या मैत्रिणीचं विचारलं. "ती मुलाकडून परत आली का?" ही मैत्रीण वारून दीड वर्ष झालं होतं. तेही फोनवर सांगितलं होतं. "गेली" म्हटलं होतं. अक्काने ऐकलं होतं बरोबर, पण तिला वाटलं, मुलाकडे गेली.

मी पुन्हा सांगितलं. ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली. मग, शेवटी कोण होतं जवळ, दुखणं फार काढलं का, असं एकेक विचारत गेली. रात्री जेवायला उतरलीच नाही, भाचीने ताट आणून दिलं. "मी इथेच झोपते," म्हणाली. टेबलाचा पलंग केला. भाची घाबरली होती, रात्री उठून पडली तर! पण ही शेजारीच झोपली, आणि संडास चार पावलांवर होता.

सकाळी निरोपसमारंभाला वेळ नव्हता. अकरापर्यंत गाडी परत द्यायची, दोन्ही टाक्या रिकाम्या करून, गॅस आणि पेट्रोल भरून. पेट्रोलचं विचाराल, तर गॅलनला ९ मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरही नाही. एकूण नऊशे लिटरच्या वर गेलं. भाडं रात्रीवर, त्यावर प्रत्येक मैलाचा आकार, आणि जनरेटरच्या तासांचा वेगळा. पावती मी दोनदा तपासली, बरोबर होती. ज्यांना जायचं असेल त्यांना हिशोबाची वही घरी येऊन बघता येईल.

आम्ही अक्काकडे आणखी चार दिवस होतो. गाडी गेल्यावर पुन्हा ते मोठं दालन आणि तोच कालवा. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी एक शोध लावला. तिथल्या बेडरूमना कपड्यांची एक लहानशी खोली जोडलेली असते, तिन्ही बाजूंनी कपडे टांगलेले, आवाज आत येत नाही आणि घुमतही नाही. तिथे दोन खुर्च्या टाकल्या. चारही दिवस जेवणं आटोपली की मी आणि अक्का तिथे जाऊन बसायचो. आजोबा कुठे आहेत, असं कुणी विचारलं की नातू ओरडून सांगायचा, "कपाटात!"