कुंपण आणि स्वभाव

'स्वभावाला औषध नाही' असे आपण घरातल्या हट्टी माणसाबद्दल म्हणतो, तोवर त्या म्हणीने कोणाचे फारसे बिघडत नाही. तिचा कायदा झाला की काय होते, ते सोलापूरने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' उभी राहिली. तिथल्या कैकाडी-पारधी कुटुंबांनी हजेरी द्यायची, परवानगीवाचून कुठे जायचे नाही. आणि याच कुंपणातली माणसे गावच्या गिरण्यांत पाळ्या करत होती! मागावर घाम गाळणाऱ्याच्या रक्तात चोरी आहे हे तपासले कोणी? कोणीच नाही, मोकळे सोडल्याशिवाय ते तपासताही आले नसते. उलट हजेरीच्या यादीत नाव असलेल्याला बाहेर काम देणार कोण? म्हणजे स्वभावाचा पुरावा कायदाच तयार करत होता.

त्याच काळात, सोलापूरपासून फार दूर नाही अशा आटपाडीजवळ, औंध संस्थानाने नेमके उलटे केले. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांच्या पुढाकाराने १९३९ साली स्वतंत्रपूर वसले. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला, शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यावरच बेतलेला. चित्रपटात जेलरच्या नजरेची जादू आहे. माझ्या मते खरी किमया अधिक रुक्ष होती: जमीन, कुटुंब आणि उद्या पुन्हा करायचे काम.

यावर कोणी म्हणेल, निवडक कैदी नेले, मग यश येणारच. निवड होती, हे मान्य. पण निवडलेला कैदीही खुनीच होता, आणि ज्याला औषधच नाही त्यातून निवडायचे तरी काय? दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: राग, लोभ, मत्सर गेले कुठे? परिस्थिती बदलली, स्वभाव तोच राहिला. राग जातो असा माझा दावाच नाही. मात्र त्या रागाचे काय होते, ते बदलते. इंग्लंडचे जुने दप्तर पाहून इतिहासकार सांगतात, की मध्ययुगात तिथे माणसामागे होणारे खून आजच्या कित्येक पट होते. सातशे वर्षांत रक्त तेवढे बदलत नाही. बदलली ती न्यायालये, भांडण मिटवण्याच्या रीती, अब्रूच्या कल्पना. ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातला किती भाग या गोष्टींनी घडवलेला असतो, ते यावरून दिसते. सोलापूरचे कुंपणही अशीच एक गोष्ट होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, जमाती 'विमुक्त' ठरल्या; पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला, आणि गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्याच्या पालाचीच होत राहिली.