परिचारिकेचा आत्मविश्वास कसा मोजावा?

बाळंतिणीच्या खाटेजवळ तिचा नवराच बसलेला असेल, असे आज गृहीत धरता येत नाही. कोठे अविवाहित माता असते, तर कोठे दोन स्त्रियांचा संसार असतो. अशांची शुश्रूषा परिचारिका कितपत निःशंकपणे करील, हे मोजावे कसे?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली दाखविले की, आत्मविश्वास सरसकट नसतो. तो त्या त्या कामापुरता असतो. म्हणून "आत्मविश्वास आहे काय?" एवढे विचारून भागत नाही. "बापाच्या नावाचा आग्रह न धरता मातेशी बोलता येईल, याची खात्री किती?" असे एकेक काम पुढे ठेवावे आणि शून्य ते शंभर यांमधील आकडा मागावा.

एकट्या मातेने प्रतिज्ञापत्र दिले की तेवढ्यावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. परंतु दाखल्याच्या कचेरीपूर्वी त्या मातेची गाठ परिचारिकेशी पडते.

मात्र हा आकडा परिचारिकेने स्वतःच दिलेला असतो. नव्वद लिहिणारीच्या बोलण्यानेही माता दुखावू शकते. म्हणून घरी निघालेल्या मातेलाही विचारावे: बाई, येथे तुमचा मान राहिला ना?