तडा गृहीत धरून



इमारतीतल्या लिफ्टचा दोर नेहमीच्या भाराच्या दहापटीच्या आसपास भार सोसेल इतका भक्कम घेतात. प्रवासी विमानाच्या पंखाला मात्र सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट ताकद असली की नियमाचं समाधान होतं. इथे बसलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हा १.५ चा आकडा पाठ असेल. इतरांना तो ऐकून पुढचं तिकीट रद्द करावंसं वाटेल. पण लिफ्टचा दोर जाड केला तर खर्च वाढतो, तेवढंच. विमानाचा पत्रा जाड केला तर वजन वाढतं, ते उचलायला पंख मोठा लागतो, पंखापायी इंजिन मोठं, इंजिनापायी इंधन जास्त, आणि त्या इंधनाचं ओझं उचलायला पुन्हा पंख. एका किलोचं कित्येक किलो झाल्यावरच हे चक्र थांबतं. ‘असू दे थोडं जास्तच’ ही गवंड्याची शहाणी सवय विमानाच्या रचनाकाराला म्हणून परवडत नाही. मग तो भिस्त कशावर ठेवतो? माझ्या मते, मोडण्याच्या नेमक्या ज्ञानावर: भाग कुठून मोडेल, किती उड्डाणांनी मोडेल, आणि मोडू लागल्याचं कुणाच्या नजरेस पडेल का. हे म्हणणं तासून पाहायला द हॅविलंड कंपनीच्या कॉमेटइतकं चांगलं विमान नाही.

२ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग मार्गावर कॉमेटने प्रवासी जेटसेवेचा आरंभ केला. बाहेर चाळीस हजार फुटांवरची विरळ हवा आणि आत आठ हजार फुटांवर असते तेवढी हवा. या दोन दाबांतला फरक धडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे पावणेसहा टनांचा जोर लावत होता. धडाचा व्यास जेमतेम तीन मीटर, पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागा, पत्र्यातला ताण १२० मेगापास्कलच्या घरात येतो, आणि तो मिश्रधातू तुटतो साडेचारशेच्या आसपास. कागदावर हे निर्धास्त करणारं गणित आहे. तरीही १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशात फुटलं आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात कोसळलं. पहिल्याची १,२९० उड्डाणं झाली होती, दुसऱ्याची फक्त ९००.

फार्नबरोच्या संशोधन संस्थेने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. पाणीच का, तर दाबलेली हवा फुटताना बॉम्बसारखी फुटते आणि पुरावाच उधळून टाकते. पाणी फारसं दाबलंच जात नाही, त्यामुळे तडा जिथे सुरू झाला तिथेच सापडतो. दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. आधीची खरी आणि टाकीतली नकली उड्डाणं मिळून तीन हजारांचा टप्पा नुकता ओलांडला आणि धड एका झडपेच्या कोपऱ्यातून फाटलं. कोपऱ्यापाशी ताण धातूच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे ७० टक्के निघाला. धातू एका दणक्यात तुटणार नाही, पण रोजच्या चढउताराने थकेल, इतका. ‘खिडक्या चौकोनी होत्या म्हणून कॉमेट पडलं’ हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. ते सोयीचं आहे, पण अपुरं आहे. खिडक्यांचे कोपरे गोलसर होते, आणि एल्बाच्या विमानातला तडा प्रवाशांच्या खिडकीत नव्हे, छपरावरच्या अँटेनाच्या झरोक्यापाशी, एका भोकाच्या कडेला सुरू झाला होता.

सगळ्यात बोलका पुरावा त्याआधीच्या चाचणीतला आहे, आणि तिथे मी जरा थांबणार आहे. कंपनीने थकव्याची चाचणी घेतलीच नव्हती असं नाही. धडाचा एक तुकडा त्यांनी सोळा हजारांहून जास्त वेळा फुगवला, तेव्हा कुठे तो गेला. मग विमानं हजारभर उड्डाणांत कशी गेली? ज्या तुकड्यावर थकव्याची चाचणी झाली, त्याच तुकड्याला आधी ताकद सिद्ध करण्यासाठी नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्या दाबाने कोपऱ्यातला धातू कायमचा किंचित ताणला गेला. दाब उतरल्यावर भोवतालचा धातू मूळ जागी परतला आणि त्याने या ताणलेल्या भागाला चहूकडून आवळलं. पुढचा प्रत्येक ओढ देणारा ताण आधी ही आवळ सैल करण्यातच खर्च होऊ लागला. म्हणजे ताकदीच्या चाचणीनेच तो तुकडा थकव्यापुरता मजबूत करून टाकला. आकाशातल्या विमानांना तेवढा दाब कधीच मिळाला नव्हता. कुणी लबाडी केली नाही. चाचणी चोख होती, फक्त ती जे विमान उडत होतं त्याची नव्हती.

कुणी म्हणेल, ही पश्चातबुद्धी आहे. तेव्हा थकवा कुणाला ठाऊक होता? ठाऊक होता. रेल्वेच्या आसांवर व्होलर या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच प्रयोग केले होते, आणि विमानाच्या शेपटीच्या थकव्यावर नेव्हिल शूट या अभियंता-लेखकाने १९४८ साली आख्खी कादंबरी लिहिली होती. घटना माहीत होती, तिचा हिशोब ताकदीच्या हिशोबाहून वेगळा मांडावा लागतो हे पुरतं उमगलं नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेवटी नंतरच्या कॉमेट ४ चा पत्रा जाडच केला ना? केला, खिडक्याही बदलल्या, आणि ४ ऑक्टोबर १९५८ रोजी तेच विमान अटलांटिक ओलांडून प्रवासी नेऊ लागलं. पण त्याला जवळपास दुप्पट रेटा देणारी एव्हॉन इंजिनं मिळाली होती. जाडीची किंमत इंजिनाने चुकती केली. पहिल्या कॉमेटकडे ते धन नव्हतं.

मग ठरावीक उड्डाणांनंतर विमान मोडीत काढावं, हा उपाय सुचतो. पण एकाच नमुन्याची विमानं ९००, १,२९० आणि तीन हजारांवर फाटली असतील, तर ठरावीक आकडा कोणता धरायचा? म्हणून रचनाकार दुसरीकडे वळले: एक भाग तुटला तर शेजारच्याने भार घ्यावा. ही कल्पना सुंदर आहे, पण १४ मे १९७७ रोजी लुसाकाजवळ एका मालवाहू बोइंग ७०७ चं आडवं शेपूट निखळलं आणि सहाही जण गेले. तिथेही राखीव भाग होताच. पहिला तुटल्याचं कुणाला दिसलं नाही, आणि राखीव भाग न दिसणाऱ्या तड्यासह फार काळ भार वाहू शकत नाही. अमेरिकेत १९७८ साली नियम बदलला त्यामागचं हेही एक कारण होतं. आता तडा आहे असं धरूनच गणित मांडायचं: तो दिसण्याजोगा कधी होईल, घातक कधी होईल, आणि या दोन क्षणांच्या मध्ये तपासणीची संधी येते का.

हेही गणित चुकू शकतं. बोइंग ७३७ च्या धडात तडा काही इंचांवर वळून पत्र्याचा फडका उघडेल, हवा सावकाश सुटेल, अशी पट्ट्यांची योजना होती. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा कंपनीच्या १९ वर्षांच्या विमानाचं छत उडालं आणि एक हवाई सेविका ओढली गेली. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या, खारी हवा. उड्डाणं जवळपास ९० हजार, तास मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. आणि थकवा तास मोजत नाही, फुगणं आणि आकसणं मोजतो. योजनेत एक तडा गृहीत होता. इथे रिव्हेटांच्या रांगेत अनेक बारीक तडे होते आणि ते एकमेकांना जाऊन मिळाले. चौकशीत पुढे आलं की विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ रिव्हेटांच्या ओळीलगत भेग दिसली होती. ती कुणालाही काही न बोलता आत जाऊन बसली.