एक घर आणि दोन राऊटर

घर ऐसपैस असणे हे एके काळी भाग्याचे लक्षण मानले जाई. वायफाय घरोघर आल्यापासून त्या भाग्याला थोडेसे गालबोट लागले आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एक राऊटर कोपऱ्यात ठेवला की काम भागते. परंतु पिढ्यानपिढ्या वाढवीत नेलेल्या जुन्या घरात पुढल्या दालनात भरपूर रेंज आणि मागल्या बाजूस शुकशुकाट, असा प्रकार असतो. श्रोत्यांपैकी ज्यांची घरे अशी आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको.

गोव्यातील एक जुने घर उदाहरणादाखल घ्यावे. भिंती चिऱ्याच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. वायफायच्या लहरींना अशी एक भिंत ओलांडतानाच धाप लागते, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर अधिकच आडवी येते. फायबरची तार रस्त्याकडून येते, म्हणून कंपनीच्या माणसाने राऊटर दर्शनी दालनात, तार शिरते तेथेच बसविला. आजींची खोली मात्र मागे, स्वयंपाकघराला लागून. त्यांचा मुलगा आखातात नोकरीस. रात्रपाळीला जाण्यापूर्वी त्याला अर्धा तास मोकळा मिळतो, तेवढ्यात तो आईला फोन लावतो. मागल्या खोलीत त्याचा चेहरा पडद्यावर गोठून राही, शब्द अर्ध्यावर तुटत. मग आजींनी दुखरे गुडघे सावरीत तीन उंबरठे ओलांडावयाचे आणि दूरदर्शनच्या गलक्यात, सर्वांदेखत लेकाशी बोलावयाचे. चारचौघांत विचारावयाची खुशाली वेगळी आणि आईने लेकाला विचारावयाची वेगळी. या घरात दुसरा राऊटर हवा होता तो एवढ्यासाठी.

कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने कपाटातला जुना राऊटर बाहेर काढला. कंपनी बदलली की जुना राऊटर घरातच उरतो, आणि मोडक्या छत्रीप्रमाणे तो कोणी टाकूनही देत नाही. नातवाने केबल आणली, माळ्यावरून ओढून मागे नेली, दोन्ही टोके दोन्ही राऊटरांच्या एकसारख्या भोकांत खोचली. दिवे लुकलुकले, फोनवर रेंजच्या साऱ्या रेघा उमटल्या. त्या रात्री मुलाचा फोन मागल्या खोलीत लागला नाही. पुढल्या दालनातही धड लागला नाही. पूर्वी निदान उंबरठे ओलांडण्याची सोय होती, तीही गेली. तो अर्धा तास तसाच संपला.

राऊटर जुना असला तरी सदोष नव्हता, केबलही तुटलेली नव्हती. बिघाड कारभारात होता. घरात फोन, संगणक, प्रिंटर असे जे जे उपकरण राऊटरला जोडले जाते, त्यास एक अंकी पत्ता द्यावा लागतो. जगभर चालणारे जे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत त्यांची एकूण संख्या सुमारे 429 कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून कमी. म्हणून 1996 साली काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याची नियमावली प्रसिद्ध झाली. 192.168 ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. ते लक्षावधी घरांत पुन्हा पुन्हा वापरले जातात. घराबाहेर त्यांना किंमत नाही. बाहेरच्या जगाला सबंध घराचा एकच पत्ता दिसतो, आणि आलेला टपाल घरातल्या कोणाचा हे राऊटर आपल्या वहीत पाहून ठरवितो.

हे घरगुती पत्ते वाटण्याचे काम राऊटर आपण होऊन करतो. एक राऊटर असेपर्यंत त्यात वाद नाही. पण एकाच वर्गात दोन वर्गशिक्षक आले, दोघांनीही आपापले हजेरीपत्रक उघडले आणि मुलांना क्रमांक देण्यास प्रारंभ केला, तर सातव्या क्रमांकास दोन मुले उभी राहतील. या घरात तेच झाले. त्यातून पुष्कळशा राऊटरांचा स्वतःचा पत्ता कारखान्यातूनच 192.168.1.1 असा ठरून येतो. येथे दोहोंचा तोच होता. फोनने बाहेरचा रस्ता विचारला की कधी हा उत्तर देई, कधी तो. आणि मागल्या राऊटरला बाहेरचा रस्ता ठाऊकच नव्हता.

नातवाने दुसऱ्या दिवशी केबल काढली आणि मागचा राऊटर एकटाच संगणकाला जोडला. प्रथम त्याचा पत्ता बदलून 192.168.1.2 केला. नंतर पत्ते वाटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात, ती बंद केली. हा क्रम पाळलेला बरा. वाटप आधी बंद केले तर संगणकाला त्या राऊटरपाशी पुन्हा पोहोचणे कठीण होऊन बसते. पुढल्या राऊटरला 192.168.1.100 ते 199 एवढेच पत्ते वाटण्याची मर्यादा घातली, म्हणजे मागच्याचा 2 हा आकडा चुकूनही कोणा फोनला जावयाचा नाही. मग केबल पूर्ववत लॅन नावाच्या भोकांत बसविली. वॅन असे लिहिलेले भोक मागल्या राऊटरवर रिकामेच ठेवले. आता तो नावाचाच राऊटर. काम रेंज पसरविण्याचे. नव्या राऊटरांत ॲक्सेस पॉइंट म्हणून एकच कळ असते व ती दाबली की हे सारे आपोआप होते.

केबल वॅनच्या भोकात घातली असती तर? दोहोंचे आतले पत्ते वेगळ्या मालिकेतले केल्यास फोन चालतो, पण एका घरात दोन घरे होतात. पुढल्या दालनातील फोनला मागचा प्रिंटर सापडत नाही. घरात भाडेकरू असेल तर ही फारकत सोयीचीही ठरेल. एका कुटुंबात मात्र ती नसती अडचण.

दोन्ही राऊटरांना वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच द्यावा, लहरींचा मार्ग तेवढा निराळा. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे मार्ग एकमेकांत मिसळत नाहीत. एकाला 1 व दुसऱ्याला 11 दिला की झाले. तरीही फोन कधी कधी मागल्या खोलीत येऊनसुद्धा पुढल्या राऊटरलाच चिकटून राहतो. कोणत्या राऊटरकडे जावयाचे हे बहुतेक फोनच ठरवितो. अशा वेळी फोनचे वायफाय क्षणभर बंद करून पुन्हा लावावे. पुढल्या राऊटरची शक्ती किंचित कमी करणे हा दुसरा उपाय.

दुकानदार केबलऐवजी रिपीटर पुढे करतात. तो मधल्या खोलीत ठेवावयाचा. पण एकाच लहरीवर ऐकून त्याच लहरीवर पुन्हा बोलावयाचे असल्याने साध्या रिपीटरचा वेग निम्म्यावर येतो. मेश नावाचे दोन-तीन डब्यांचे संच याहून बरेच सरस आहेत. पण चिऱ्याची भिंत त्यांच्याही आड येते, आणि कंपनीचा राऊटर शेजारी पत्ते वाटीत राहिला तर दोन कारभाऱ्यांचा घोळ त्यांच्यातही होतो. तार नेता येत असेल तेथे तारच न्यावी. शंभर मीटरपर्यंत ती कुरकुरत नाही. मात्र ती घराच्या आतूनच न्यावी. पागोळीखालून बाहेर लोंबत नेल्यास मृगाच्या गडगडाटात दोन्ही राऊटर एकदमच गमावण्याची वेळ येते.

विजेचेही पाहावे लागते. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर केवळ मागचा राऊटर राहिला, तर फोनवर रेंज भरपूर दिसते आणि बोलणे मात्र होत नाही, कारण बाहेरची वाट पुढल्या दालनातूनच जाते. नातवाने पुढचा राऊटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरला जोडले. त्या रात्री ठरल्या वेळी फोन वाजला. आजींनी तो उचलला, पलंगावर पाय वर घेऊन बसल्या, आणि नातवाला म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे, बाबा."